हायड्रोजन ‘स्वच्छ’ ठरतो तो हिशेबावर: हवामान धोरणापासून प्रमाणपत्रापर्यंतचा रस्ता

हायड्रोजनचा नमुना प्रयोगशाळेत नेला तर तो किती शुद्ध आहे हे कळतं. तो कोळशापासून बनला की सौर विजेवर पाणी फोडून, हे मात्र त्या तपासणीत कळत नाही, कारण रेणू सारखेच. म्हणून या क्षेत्राचं नियमन हिशेबावर उभं आहे: वीज कुठून आली, कोणत्या तासाला आली, वायूच्या पाइपलाइनीतून मिथेन किती गळला, आणि हे सगळं कोणी तपासलं. हा हिशेब कसा मांडायचा हे हवामान धोरण ठरवतं. धोरण बदललं की तेच यंत्र, तीच वीज आणि तोच गॅस असूनही त्याचा दर्जा बदलतो.

प्रकल्पात, बँकेत, सल्लागार कंपनीत किंवा सरकारी खात्यात या विषयाला पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांनी पुढच्या क्रमानं जावं. बरेच जण आधी इलेक्ट्रोलायझर (विजेनं पाणी फोडणारं यंत्र) निवडतात, मग वीज ठरवतात आणि नियम सगळ्यात शेवटी वाचतात. त्या उलट्या क्रमाची किंमत वीज करार सही झाल्यावर कळते.

पायरी १ : चार आकडे तोंडपाठ करा

एक किलो हायड्रोजनमध्ये निम्न उष्मांक मूल्यानं (जळताना बनलेल्या वाफेतली उष्णता न धरता) १२० मेगाज्यूल, म्हणजे ३३.३ युनिट ऊर्जा असते. उच्च उष्मांक मूल्यानं (ती उष्णताही धरून) हाच आकडा १४२ मेगाज्यूल किंवा ३९.४ युनिट होतो. (युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचाच किलोवॉट-तास.) पाण्याचं विघटन करून तो एक किलो मिळवायला आजच्या यंत्रांना साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. रसायनशास्त्राच्या हिशेबानं पाणी ९ किलो लागतं. शुद्धीकरणात वाया जाणारं आणि यंत्र थंड ठेवण्याचं धरलं तर प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट.

चौथा आकडा उत्सर्जनाचा. नैसर्गिक वायूवर वाफेची प्रक्रिया करून हायड्रोजन काढला तर कारखान्यातच किलोमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कोळशाचं वायूकरण केलं तर त्याच्या जवळपास दुप्पट. जगात २०२३ साली वापरलेल्या सुमारे ९.७ कोटी टन हायड्रोजनपैकी कमी उत्सर्जनाचा हायड्रोजन एक टक्काही नव्हता. त्यामुळे सगळ्या नियमांची तुलना याच जुन्या पद्धतीशी होते.

उष्मांक मूल्याची गफलत ही नवख्यांची ठरलेली चूक. ब्रिटनची उत्सर्जनाची मर्यादा मेगाज्यूलमागे २० ग्रॅम आहे, निम्न उष्मांक मूल्यानं. म्हणजे किलोला २.४ किलो. कोणी १४२ नं गुणलं तर उत्तर २.८४ येतं, आणि नापास प्रकल्प कागदावर पास होतो. नियमाच्या व्याख्यांच्या पानावर कोणतं मूल्य धरलंय ते पहिल्यांदा शोधा.

पायरी २ : नियम कोणत्या धोरणातून आला ते ओळखा

सरकारकडे हायड्रोजनसाठी ढोबळमानानं तीन हत्यारं असतात: पैसे देणं, सक्ती करणं आणि कार्बनवर किंमत लावणं. प्रत्येकाची भीती वेगळी, म्हणून प्रत्येकाची व्याख्याही वेगळी.

पैसे देणाऱ्या सरकारला भीती असते की आपल्या पैशानंच उत्सर्जन वाढेल. अमेरिकेच्या ऑगस्ट २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टमध्ये हायड्रोजनसाठी ४५व्ही नावाची करसवलत आली. किलोमागे उत्सर्जन ०.४५ किलोपेक्षा कमी असेल तर ३ डॉलरपर्यंत, ०.४५ ते १.५ किलोमध्ये १ डॉलर, पुढे २.५ किलोपर्यंत ७५ सेंट आणि ४ किलोपर्यंत ६० सेंट. हे सगळे दर मजुरी आणि प्रशिक्षणार्थींच्या अटी पाळल्या तरच. नाहीतर रक्कम पाचव्या हिश्श्यावर येते. पायऱ्यांची ही रचना नीट बघा. ०.४४ आणि ०.४६ मध्ये निसर्गाला काही फरक पडत नाही, पण प्रकल्पाला किलोमागे दोन डॉलरचा पडतो. असा कडा आला की कंपन्या दुसऱ्या दशांश स्थळासाठी वकील लावतात आणि नियामकाला प्रत्येक गृहीतक नियमात लिहून ठेवावं लागतं. पुढचे क्लिष्ट नियम बरेचसे याच कड्यातून जन्माला आले.

सक्ती करणाऱ्याची भीती वेगळी: एकच हायड्रोजन दोनदा मोजला जाईल. युरोपीय संघाच्या २०२३ च्या सुधारित अक्षय ऊर्जा निर्देशानुसार उद्योगात वापरल्या जाणाऱ्या हायड्रोजनपैकी ४२ टक्के २०३० पर्यंत, आणि ६० टक्के २०३५ पर्यंत, जैविक नसलेल्या अक्षय स्रोतांपासूनचा हवा. सक्ती असल्यामुळे तिथे प्रत्येक खेपेचा माग ठेवावा लागतो.

कार्बनच्या किंमतीचं उदाहरण म्हणजे युरोपचा सीमेवरचा कार्बन कर. त्याच्या यादीत हायड्रोजन आहे आणि १ जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. त्यात हायड्रोजनसाठी फक्त कारखान्यातलं थेट उत्सर्जन मोजतात, विजेमागचं नाही. म्हणजे कोळशाच्या विजेवर पाणी फोडून केलेला हायड्रोजन या दारातून जवळपास शून्य आकड्यानं आत जाऊ शकतो, आणि तोच अक्षय ऊर्जा निर्देशाच्या दारात साफ नापास होतो. दोन्ही नियम एकाच संघाचे. ‘युरोपचा नियम काय आहे’ हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे; कोणत्या कायद्याखाली, कशासाठी, असं विचारावं लागतं.

भारताचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं. १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन क्षमतेचं लक्ष्य. उत्पादनासाठीचं प्रोत्साहन किलोमागे पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५० रुपये, दुसऱ्या वर्षी ४०, तिसऱ्या वर्षी ३०. हे मुख्यतः पहिल्या हत्याराचं धोरण आहे, आणि व्याख्याही त्याला साजेशी आहे.

रंगांवर वेळ घालवू नका. करड्या, निळ्या, हिरव्या हायड्रोजनची भाषा सादरीकरणात चालते. कायद्यात बहुतेक ठिकाणी किलोमागे किती किलो, हाच प्रश्न असतो. रंगाचं नाव असलंच तरी त्याच्याखाली असा आकडा असतोच.

पायरी ३ : हिशेबाची हद्द आखा

मर्यादेचे आकडे, म्हणजे किलोभर हायड्रोजनमागे किती किलो उत्सर्जन चालतं ते, शेजारी ठेवले तर असे दिसतात. भारत २ किलो, ब्रिटन २.४, युरोप सुमारे ३.४, जपान ३.४, आणि अमेरिकेत सवलतीचं तोंड उघडतं ते ४ किलोला. यावरून भारत सर्वांत कडक असा निष्कर्ष काढणारे लेख खूप सापडतात. तो निष्कर्ष घाईचा आहे.

युरोपचा आकडा कसा येतो ते पाहा. जीवाश्म इंधनाचं तुलनामूल्य मेगाज्यूलमागे ९४ ग्रॅम धरलंय. त्यात ७० टक्के बचत हवी, म्हणजे २८.२ ग्रॅम उरतात; गुणिले १२०, म्हणजे ३.३८ किलो. पण या हिशेबात वाहतूक आणि वितरणही येतं, गॅस वापराच्या जागी पोचेपर्यंत. भारताच्या ऑगस्ट २०२३ च्या मानकात हिशेब कारखान्याच्या गेटपाशी थांबतो: जलशुद्धीकरण, विद्युत विघटन, वायूचं शुद्धीकरण, सुकवणं आणि दाबणं एवढंच. जैवभारापासून (पिकांचे अवशेष, लाकूड वगैरे) केलेल्या हायड्रोजनला वेगळी यादी आहे, त्यात जैवभाराची प्रक्रिया आणि वाफ-उष्णताही मोजतात. ब्रिटनही उत्पादनाच्या ठिकाणीच थांबतं, मात्र प्रत्येक प्रकल्पाचा गॅस ३० बार दाब आणि ९९.९ टक्के शुद्धतेला आणल्यासारखा धरतं, म्हणजे कमी दाबाचा गॅस विकणाऱ्याला फुकटचा फायदा मिळत नाही.

हद्दीबाहेर काय आहे तेही लिहून ठेवा. सौर पॅनेल, पवनचक्की, इलेक्ट्रोलायझर बनवतानाचं उत्सर्जन यांपैकी बहुतेक नियमांत धरत नाहीत. गळलेल्या हायड्रोजनचंही तसंच. हायड्रोजन स्वतः उष्णता अडवत नाही, पण हवेतल्या मिथेनचं आयुष्य वाढवतो, आणि शंभर वर्षांच्या मापानं त्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अकरा-बारा पट येतो. ब्रिटन गळती कमी करण्याचा आराखडा मागतं, पण तो परिणाम मर्यादेच्या आकड्यात मिळवत नाही. आमच्या मते ही फट फार दिवस उघडी राहणार नाही. गळती मोजायची सोय आत्ताच केलेली बरी.

देशोदेशीच्या हद्दी जुळाव्यात म्हणून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची १९८७० क्रमांकाची तांत्रिक पद्धत २०२३ मध्ये आली. ती मोजायचं कसं हे सांगते, मर्यादा घालत नाही. ‘आम्ही आयएसओप्रमाणे स्वच्छ आहोत’ असं कोणी म्हणालं तर त्यानं नेमका आकडा सांगितलेला नाही एवढं समजा.

पायरी ४ : विजेचा हिशेब — इथे सर्वात जास्त वेळ द्या

समजा ग्रिडच्या एका युनिटमागे ७०० ग्रॅम उत्सर्जन आहे. कोळशावर चालणाऱ्या ग्रिडमध्ये हा आकडा सहज असतो. हायड्रोजनला किलोमागे ५५ युनिट लागतात. गुणाकार ३८.५ किलो. म्हणजे ग्रिडच्या विजेवर पाणी फोडणं हे वायूपासूनच्या जुन्या पद्धतीपेक्षा जवळपास चौपट मळकं.

आता उलटा भागाकार. २ किलोची मर्यादा भागिले ५५ युनिट, म्हणजे युनिटमागे ३६ ग्रॅम. अशा ग्रिडची वीज एकूण विजेच्या पाच टक्क्यांच्या आसपास गेली की मर्यादा संपली. या एका आकड्यावर प्रकल्पाची अर्धी रचना अवलंबून असते.

१० मेगावॉटच्या इलेक्ट्रोलायझरवर हे लावून बघू. पूर्ण भाराला तासाला १०,००० युनिट, म्हणजे सुमारे १८२ किलो हायड्रोजन. वर्षातले निम्मे तास, ४,३८०, चालला तर सुमारे ८०० टन. मर्यादेप्रमाणे त्यावर १,६०० टन उत्सर्जनाची मुभा, म्हणजे ग्रिडची जेमतेम २३ लाख युनिटं. उरलेले निम्मे तास यंत्र बंद आहे असं आपण म्हणतो, पण पंप, हीटर, नियंत्रण यंत्रणा, नायट्रोजनची व्यवस्था चालूच असते. ती समजा २०० किलोवॉट खाते. ४,३८० तासांत जवळपास पावणेनऊ लाख युनिटं. एक किलोही हायड्रोजन न बनवता मुभेचा तिसऱ्यापेक्षा मोठा हिस्सा रात्रीच्या पंपांनी संपवला. बंद काळातला हा भार सुरुवातीच्या अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो. तो अक्षय विजेवर किंवा बॅटरीवर कसा न्यायचा ते आराखड्यातच ठरवा.

त्यात यंत्र म्हातारं होतं. पहिल्या वर्षी ५२ युनिट घेणारा स्टॅक (इलेक्ट्रोलायझरचा पाणी फोडणारा मुख्य भाग) काही वर्षांनी त्याच किलोला ५६-५७ मागू लागतो. उत्सर्जनाचा हिशेब नव्या यंत्राच्या कार्यक्षमतेवर केलेला असेल तर पहिल्या लेखापरीक्षणात पास आणि सहाव्यात नापास असा प्रकार होतो. हिशेब स्टॅक बदलण्याच्या आधीच्या वर्षावर करा.

हे झालं स्वतःच्या मीटरचं गणित. धोरणाचा खरा हात दिसतो तो ‘अक्षय वीज’ कशाला म्हणायचं यात. इथे तीन कसोट्या जवळजवळ सगळीकडे चर्चेत असतात.

पहिली, वीज नवी आहे का. जुन्या पवनचक्कीची वीज तुम्ही उचलली तर जी घरं ती वापरत होती त्यांना कोळसा जाळून वीज द्यावी लागते. एकूण उत्सर्जन वाढतं. म्हणून युरोपच्या २०२३ च्या नियमात (क्रमांक ११८४) ग्रिडमधून करारानं वीज घेत असाल तर अक्षय वीज प्रकल्प हायड्रोजन प्रकल्पाच्या फार तर ३६ महिने आधी सुरू झालेला हवा आणि त्यानं सरकारी मदत घेतलेली नसावी. १ जानेवारी २०२८ पूर्वी सुरू होणाऱ्या हायड्रोजन प्रकल्पांना या दोन अटींतून २०३८ च्या सुरुवातीपर्यंत सूट आहे. अमेरिकेच्या जानेवारी २०२५ च्या अंतिम नियमातही ३६ महिनेच आहेत.

नेहमीचा घोटाळा असा: सौर प्रकल्प वेळेवर उभा राहतो, इलेक्ट्रोलायझर येतो, पण दाबयंत्र उशिरा, मग परवाना उशिरा, मग चाचणीत दोष. छत्तीस महिने ऐकायला भरपूर वाटतात आणि असेच संपतात. वीज करारात हायड्रोजन प्रकल्प सुरू होण्याची शेवटची तारीख नोंदवा आणि ती हुकली तर पर्यायी वीज कोण देणार तेही. क्षमता टप्प्याटप्प्यानं वाढवणार असाल तर युरोपात एक सोय आहे: त्याच जागी, पहिल्या टप्प्यानंतर ३६ महिन्यांच्या आत वाढवलेली क्षमता पहिल्या टप्प्याबरोबरच सुरू झाली असं धरतात. मात्र २०२८ च्या सवलतीचा फायदा त्या तारखेनंतरच्या वाढीव क्षमतेला मिळत नाही.

दुसरी कसोटी, वीज त्याच वेळेची आहे का. दुपारी सौर वीज ग्रिडला द्यायची आणि रात्री कोळशाची घेऊन ‘वर्षाची बेरीज जुळली’ म्हणायचं, हे चालतं की नाही? युरोपात २०२९ अखेरपर्यंत महिन्याची बेरीज जुळली तर चालते, १ जानेवारी २०३० पासून तासाची जुळावी लागते. अमेरिकेत २०२९ पर्यंत वर्षाची, २०३० पासून तासाची. ब्रिटनमध्ये अर्ध्या तासाची. भारताच्या मानकात उत्सर्जन गेल्या १२ महिन्यांच्या सरासरीनं मोजतात आणि नियमांप्रमाणे ग्रिडकडे बँकिंग केलेली (एका वेळी ग्रिडला देऊन नंतर परत घेतलेली) वीजही अक्षयच धरली जाते.

या शेवटच्या वाक्यावर थांबा. बँकिंगवर बेतलेला प्रकल्प भारतीय मानकात बिनबोभाट पास होतो. त्याच प्रकल्पाला २०३० नंतर युरोपात माल पाठवायचा असेल तर बँकिंगमधून आलेला प्रत्येक रात्रीचा तास नापास. निर्यात करायचा विचार असेल तर सगळ्यात कडक बाजाराच्या तासाप्रमाणे विजेची बांधणी करा, मग सैल बाजार आपोआप साधतो. उलट दिशेनं जाता येत नाही.

तासाची अट यंत्रालाही जाचते. निव्वळ सौर विजेवर यंत्र वर्षाचे एक चतुर्थांश तास पूर्ण भाराइतकं चालतं, भांडवल उरलेला वेळ पडून. अल्कलाइन प्रकारचे इलेक्ट्रोलायझर ठरावीक किमान भाराच्या खाली चालवता येत नाहीत, कारण हायड्रोजन ऑक्सिजनच्या बाजूला झिरपून मिश्रण धोकादायक होतं; पीईएम (प्रोटॉन जाऊ देणाऱ्या पडद्याचा) प्रकार त्याहून कमी भारावर टिकतो. ढग आले की बंद-चालू, प्रत्येक चालू करताना सुरुवातीचा अशुद्ध गॅस बाहेर सोडावा लागतो, आणि तो विकलेल्या किलोंत येत नसल्यानं भागाकाराचा छेद लहान होतो. उपाय ठाऊक आहेत: वारा आणि सूर्य एकत्र करा, वीज प्रकल्प इलेक्ट्रोलायझरपेक्षा मोठा घ्या आणि जादा वीज विका, किंवा बॅटरी ठेवा. युरोपात बॅटरी त्याच जोडणीच्या मागे असून त्याच अक्षय विजेनं भरली असेल तर तिच्यातली वीज चालते. तासाची अट महाग आहे हे खरं. तरीही आम्हाला ती योग्य वाटते, कारण कोळशाच्या ग्रिडवर वार्षिक बेरजेनं केलेला ‘हरित’ हायड्रोजन हवेत नेमकं काय सोडतो ते वरच्या ३८.५ च्या गुणाकारात दिसलंच.

तिसरी कसोटी जागेची. वीज आणि हायड्रोजन एकाच बाजारक्षेत्रात हवेत, म्हणजे ती वीज खरंच तारेतून पोचू शकते याची खात्री. युरोपात शेजारच्या क्षेत्राचीही चालते, पण त्या तासाला तिथला दर तुमच्याएवढा किंवा जास्त असेल तरच; दर सारखे असणं याचा अर्थ मधल्या तारा अडलेल्या नाहीत.

अपवादही वाचा. युरोपात ज्या क्षेत्राची वीज ९० टक्क्यांहून जास्त अक्षय आहे तिथे ठरावीक तासांपर्यंत ग्रिडचीच वीज पूर्ण अक्षय धरतात. ज्या क्षेत्राचं उत्सर्जन मेगाज्यूलमागे १८ ग्रॅमच्या खाली, म्हणजे युनिटला साधारण ६५ ग्रॅमच्या खाली आहे, तिथे नवेपणाची अट नाही. आणि बाजारात विजेचा दर मेगावॉट-तासाला २० युरो किंवा त्याखाली उतरलेल्या तासांना वेळेची अट पाळली असंच मानतात, कारण इतक्या स्वस्त तासाला बहुधा अक्षय विजेचाच पूर आलेला असतो.

पायरी ५ : वायू आणि जैवभारावरचे प्रकल्प

इथे वीज दुय्यम, मिथेन मुख्य. एक किलो हायड्रोजनला साधारण ३.३ किलो नैसर्गिक वायू लागतो. विहिरीपासून कारखान्यापर्यंत त्यातला एक टक्का गळला तर ३३ ग्रॅम मिथेन, आणि शंभर वर्षांच्या मापानं जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड. तीन टक्के गळती असेल तर कारखान्यात शंभर टक्के कार्बन पकडूनही तुम्ही ब्रिटनच्या मर्यादेबाहेर. आणि शंभर टक्के कोणी पकडत नाही: प्रक्रियेच्या वायुप्रवाहातून पकडणं सोपं, पण त्यात एकूण उत्सर्जनाचा साठेक टक्केच भाग असतो, बाकीचा भट्टीच्या धुरातून काढावा लागतो, तो महाग. पुरवठादाराकडून मिथेन गळतीचा मोजलेला आकडा करारात मागा, सरासरीचा नको. भारताच्या हरित मानकात हा मार्ग बसतच नाही, तिथे फक्त अक्षय स्रोत आहेत. युरोपात त्याच्यासाठी ‘कमी कार्बन’ असा वेगळा वर्ग आहे, ७० टक्के बचतीच्याच कसोटीवर.

पायरी ६ : मीटर आधी, यंत्र नंतर

पडताळणी करणारा माणूस यंत्र पाहायला येत नाही, नोंदी पाहायला येतो. प्रत्येक वीज स्रोताला वेगळा मीटर, स्टॅकला वेगळा, पंप-दाबयंत्रांना वेगळा. हायड्रोजनला वस्तुमान मोजणारा प्रवाहमापक, सोबत दाब, तापमान आणि शुद्धता. बाहेर सोडलेल्या गॅसला स्वतंत्र मोजणी. सगळ्या मीटरांची घड्याळं एका वेळेला बांधलेली हवीत. सौर प्रकल्पाचं घड्याळ दहा मिनिटं मागे असेल तर तासाच्या जुळणीत सकाळ-संध्याकाळचे तास फुकट जातात. नोंदी १५ मिनिटांच्या ठेवा, म्हणजे अर्ध्या तासाचा नियम असो वा तासाचा, बेरीज करता येते. तासाच्या नोंदींतून अर्धा तास मागाहून काढता येत नाही.

नोंद गहाळ झाली तर? गहाळ काळात सगळी वीज ग्रिडची धरली जाईल अशीच तयारी ठेवा. वर्षातल्या पाच टक्के तासांची नोंद गेली तर वरच्या उदाहरणात जवळपास पूर्ण मुभा तिथेच संपते. मीटरच्या तपासणीची प्रमाणपत्रंही मुदतीत हवीत. मुदत संपलेल्या मीटरची नोंद असून नसल्यासारखी.

पायरी ७ : प्रमाणपत्र

भारतात ऊर्जा दक्षता ब्यूरो ही मुख्य यंत्रणा आहे. ती पडताळणी संस्थांना मान्यता देते, आणि हरित हायड्रोजन प्रमाणीकरण योजना एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली. युरोपात आयोगानं मान्य केलेल्या खासगी योजना हे काम करतात. डिसेंबर २०२४ मध्ये सर्टिफहाय, आयएससीसी आणि रेडसर्ट यांना मान्यता मिळाली.

दोन पद्धतींतला फरक इथे समजून घ्या. एकीत प्रमाणपत्र गॅसपासून सुटं विकता येतं. दुसरीत प्रमाणपत्र मालाबरोबरच पाइपलाइनीतून, टाकीतून, जहाजातून हिशेबानं जातं, आणि आत गेलेल्यापेक्षा जास्त बाहेर काढता येत नाही. युरोपची सक्ती दुसऱ्या पद्धतीवर आहे. सुटं प्रमाणपत्र तिथे कामाचं नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे एकाच युनिटचा दोनदा दावा. वीज उत्पादकानं त्याच सौर विजेचं अक्षय ऊर्जा प्रमाणपत्र दुसऱ्या कुणाला विकलं असेल तर तुमच्याकडे आलेली वीज हिशेबात साधी ग्रिडची. करारात ‘विजेसोबतचे सर्व पर्यावरणीय हक्क खरेदीदाराकडे’ असं कलम आणि त्या विजेचं प्रमाणपत्र पुन्हा विकता येऊ नये म्हणून रद्द केल्याचा पुरावा, दोन्ही हवेत.

आणखी एक, सुरक्षेचे परवाने हवामानाच्या नियमांत येत नाहीत, पण ३६ महिन्यांचं घड्याळ तेच खातात. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात हायड्रोजन पेट घेतो, ठिणगीला ०.०२ मिलिज्यूल पुरतात आणि ज्योत दिवसा दिसत नाही. त्यामुळे साठवण, अंतरं आणि टाक्यांची तपासणी यांत कोणीही घाई करू देणार नाही. भारतात हे अर्ज पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडे, म्हणजे पेसोकडे जातात. ते जागा ठरताच सुरू करा.

पायरी ८ : नियम बदलेल असं धरून करार लिहा

अमेरिकेची करसवलत मूळ कायद्यात २०३३ पूर्वी बांधकाम सुरू करणाऱ्यांना होती. जुलै २०२५ च्या कायद्यानं ती मुदत १ जानेवारी २०२८ च्या आधीवर आणली. पाच वर्षं एका सहीत गेली. अशा वेळी वाचतात ते ज्यांनी ‘बांधकाम सुरू’ याची कायद्यातली व्याख्या वाचून त्याप्रमाणे पुरावे गोळा केलेले असतात.

विक्री करारात किमान चार गोष्टी लिहा. कोणत्या नियमाची कोणत्या तारखेची आवृत्ती लागू. ग्रिडच्या उत्सर्जनाचा आकडा कोणत्या वर्षाचा धरायचा, आणि तो सुधारला तर फायदा कोणाचा. १२ महिन्यांच्या सरासरीवर निकाल लागत असेल तर तोवर गेलेल्या मालाचा दर तात्पुरता की अंतिम. आणि प्रमाणपत्र मागाहून रद्द झालं तर साध्या हायड्रोजनच्या आणि स्वच्छ हायड्रोजनच्या दरातला फरक कोण सोसणार: उत्पादक, वीज पुरवठादार की मीटरची देखभाल करणारा कंत्राटदार. शेवटच्या कलमावर वाटाघाटी लांबतात. तरी ते कलम वीज करारावर सही होण्याआधीच लिहून घ्या, कारण नंतर वीज पुरवठादार त्यात आपलं नाव घालू देत नाही.